दोना देओलिंडा आणि एक लाखाची रेघ

दोना देओलिंडा आविला अंडी घेताना डब्याचं झाकण उघडून वरून बघत नाहीत. डबा डोक्याच्या वर धरतात आणि खालून बघतात. "वरून काय, सगळीच अंडी साळसूद दिसतात," असं त्यांचं म्हणणं. आमच्या न्यूअर्क गावातल्या दुकानातली गल्ल्यावरची बाई त्यांना दारात पाहिलं की आधीच हात वर करते. "दोना, आजची अंडी मी घातलेली नाहीत. माझ्यावर डोळे वटारू नका."

संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला बावीस वर्षं शेजारी बसून कळलं नाही. आमच्या कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या व्हायच्या. बाहेरून येणारा प्रत्येक खोका आधी दोनांच्या टेबलावर थांबायचा आणि त्यांचा चौदा नंबरचा शिक्का बसल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. पास झाला तर हिरवी चिठ्ठी, नापास झाला तर लाल. लाल चिठ्ठीचा माल त्यांच्या मागच्या जाळीच्या कपाटात जायचा आणि कुलूप लागायचं. किल्ली त्यांच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी.

माझं काम त्यांच्या पलीकडे, नकाशांच्या खोलीत. प्रत्येक भागाचा नकाशा, त्याच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या, कुठली कधी लागू झाली याची नोंद. त्या मला "कागदवाल्या" म्हणायच्या. मी त्यांना सगळ्यांसारखं दोना म्हणायचो. पोर्तुगीजांत वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. आमच्याकडच्या व्हिएतनामी आणि मेक्सिकन बायकासुद्धा तेच म्हणायच्या, आणि साहेब लोक त्यांच्याशी बोलायची वेळ आली की म्हणायला लागायचे.

लग्नाआधी आर्तुर त्यांच्या मागे लागला होता तेव्हा तो गस्टीनच्या एका गोठ्यावर कामाला होता. दोना बस धरून गस्टीनला गेल्या आणि गोठ्याच्या मुकादमाला भेटून विचारून आल्या की हा पितो का, वेळेवर येतो का, जनावरांवर हात उगारतो का. "गाईंना बोलता आलं असतं तर त्यांनाही विचारलं असतं," असं आर्तुर स्वतःच सांगायचा. पुढे एकतीस वर्षं संसार झाला. तो गेला त्या दिवशी चर्चच्या पायरीवर डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "माणूस चांगला निघाला रे." एकतीस वर्षांनी बसलेला शिक्का, पण बसला.

आता मुद्द्यावर येतो. कारखाना बंद झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात कच्च्या नळ्यांचा एक मोठा माल बाहेरून आला होता. वरचे सगळे म्हणत होते पाठवा, गिऱ्हाईक खोळंबलंय. दोनांनी लाल चिठ्ठी लावली. मॅनेजर ओरडून गेला, मग विनवून गेला, मग डोनट घेऊन आला. त्यांनी डोनट खाल्ला आणि चिठ्ठी तशीच ठेवली. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून उत्तर आलं की नळ्यांना आतून केसासारख्या भेगा आहेत. तेव्हा कंपनीचे म्हातारे मालक ऑस्गुड रेनर स्वतः खाली आले आणि नाताळाच्या आधी दोनांच्या हातात एक पाकीट ठेवून गेले. कंपनीचे बारा हजार शेअर नऊ डॉलरच्या भावाने, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावाने, भाव पुढे कितीही चढला तरी घेण्याचा हक्क. आमच्याकडे सगळे त्याला ऑप्शन म्हणतात. हप्त्याहप्त्याने चार वर्षांत खुले, म्हणजे वापरता येण्याजोगे, होणारे.

"हे कशाला?" दोनांनी विचारलं.

"तुम्ही कंपनी वाचवलीत."

"त्याचा मला पगार मिळतो. हे कशाला?"

रेनर हसले. दोनांनी ते पाकीट घरी नेऊन तीन आठवडे उघडलं नाही.

मग नळ्यांना सरकारी मंजुरी मिळाली, शेअर चढायला लागला, रेनर निवृत्त झाले, नवीन मंडळी आली. नवीन मंडळींनी सप्टेंबरात आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावून पिझ्झा खाऊ घातला. पिझ्झा बघूनच दोना माझ्या कानात म्हणाल्या, "गेलो आपण." खरंच गेलो. कारखाना तिहुआनाला हलणार, ऑक्टोबरची एकतीस ही शेवटची तारीख. निरोपाची भेट म्हणून ज्यांच्याकडे ऑप्शन होते त्यांचे सगळे हप्ते शेवटच्या दिवशी एकदम खुले होणार. वापरायला पुढे तीन महिने. शेअर तेव्हा एकतीस डॉलरवर होता.

दोनांचं वय एकसष्ट. सरकारचा आजारपणाचा विमा पासष्टला सुरू होतो. मधली चार वर्षं विम्याचा हप्ता पदरचा, भाडं पदरचं, आणि डोळे मायक्रोस्कोपवर बसून बसून असे झालेले की संध्याकाळी घरच्या दाराला किल्ली लावताना भोक चाचपावं लागे. डॉक्टरने सांगितलं होतं, आता पुरे. प्रश्न एवढाच होता, की या बारा हजारांवर पासष्टची रेघ गाठता येते का.

सॅन लिआंद्रोला एका पोर्तुगीज बेकरीच्या मागच्या खोलीत लुईश तोश्त बसतो. गावातल्या अर्ध्या पोर्तुगीजांचे कर तो भरतो, त्यामुळे त्याच्याकडच्या सगळ्या कागदांना गोड पावाचा वास येतो. त्याने हिशेब केला. ऑप्शन दोन जातीचे असतात. सवलतीच्या जातीचा वापरला तर त्या क्षणी पगारासारखा कर कापत नाहीत. शेअर ठरलेला काळ सांभाळून विकला की कमी दराने लागतो. साध्या जातीचा वापरला तर भावातला सगळा फरक पगार धरतात आणि लगेच कापून घेतात. दोनांचे सवलतीचे होते. मोठा फायदा एकाच वर्षात दाखवला तर दुसरा एक कर अंगावर येतो, म्हणून लुईश म्हणाला, अर्धे नाताळाआधी घ्या, अर्धे जानेवारीत. थोडे विकून बाकीच्यांची किंमत भरा. शेअर पडला नाही तर पासष्टपर्यंत पोचता.

"आणि पडला तर?"

"तर मी तुम्हाला पाव फुकट देईन."

"किती दिवसांचा शिळा?" दोनांनी विचारलं.

आणि मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. नवीन मंडळींच्या वतीने हिशेब बघायला प्रेस्टन लेडलॉ नावाचा एक गृहस्थ आला होता. कपडे इतके इस्त्रीचे की बसताना मोडेल अशी भीती वाटायची. पत्रात त्याने लिहिलं होतं की कायद्याच्या एक लाख डॉलरच्या मर्यादेमुळे बारा हजारांपैकी तीन हजार दोनशे पंचवीस ऑप्शन सवलतीचे राहतील आणि आठ हजार सातशे पंचाहत्तर साधे धरले जातील. तीस तारखेपर्यंत सही करून परत द्यावं.

लुईशने नवा हिशेब केला आणि पेन्सिल कानामागे खोचली. "आठ महिने कमी पडतात, दोना."

आठ महिने म्हणजे काही फार नाही, असं मला वाटलं. दोनांना तसं वाटलं नाही. "चौसष्टाव्या वर्षी आठ महिन्यांसाठी कोण ठेवणार मला? नोकरी धरायची तर आताच धरायला हवी." हेवर्डच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं, परत मायक्रोस्कोपवर. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रेस्टनच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी सोबत होतो, कारण त्यांना साक्षीदार लागतो.

"ही एक लाखाची रेघ कुणी मारली? तुम्ही?"

"नाही मॅडम, सरकारने. एका वर्षात पहिल्यांदा खुले होणारे ऑप्शन शेअरच्या एक लाखाच्या किमतीपर्यंतच सवलतीचे राहतात. वरचे साधे. तुमचे सगळे एकदम खुले झाले ना, म्हणून."

"म्हणजे तुम्ही मला भेट दिलीत आणि त्या भेटीमुळेच माझे कमी झाले?"

प्रेस्टन यावर थोडं पाणी प्यायला.

"कधी मारली ही रेघ?"

"ऐंशीच्या दशकात."

"आणि तेव्हापासून तिथेच? वाढवली नाही?"

"नाही."

"तेव्हा आमच्या गल्लीत लाखाच्या आसपास घर मिळायचं. आता लाखात गॅरेजचं दार येत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकतोयस ना? लिहून ठेव."

"मॅडम, माझा तुम्हाला सल्ला आहे, सही करून टाका. नियम नियम असतो. हे गणित यंत्राने केलंय."

ते शेवटचं वाक्य प्रेस्टनने बोलायला नको होतं. बावीस वर्षांत यंत्राने पास केलेला किती माल त्या बाईने लाल केलाय, याची त्याला कल्पना नव्हती.

टेबलाशी परत येऊन दोनांनी ते पत्र दिव्याखाली धरलं. उलटं करून पाठ बघितली. कागदाचा वास घेतला. मग खणातून लाल चिठ्ठी काढली, पत्राला टाचली, चौदा नंबर मारला आणि पत्र जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"दोना, ते नळ्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"बाहेरून आलंय. मला तपासायला दिलंय. पास झालेलं नाही. यात नळी कुठे आडवी येते?"

आमच्या कारखान्याचा रिवाज असा, की लाल चिठ्ठी लागली की एक फॉर्म भरायचा आणि तो फॉर्म ज्याचा माल त्याच्याकडे जातो. मग त्याला पाच दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं, मग तो मालक असो की माळी. त्या संध्याकाळी दोना फॉर्म भरायला बसल्या. काय मोजलं: एक लाखाची मर्यादा. किती निघालं: आठ हजार सातशे पंचाहत्तर जादा. पुढचा रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो आणि मी तो हजारदा बघितलाय: कोणत्या तारखेच्या नकाशाप्रमाणे मोजलं?

तिथे त्यांचं पेन थांबलं.

"कागदवाल्या, यात तारीखच नाहीये."

"कसली तारीख?"

"मोजलं कुठल्या भावाने? शेअरचा भाव रोज बदलतो. नकाशा बदलतो तसा. आपण मार्चमध्ये ऑर्डर दिली, जूनमध्ये नकाशा बदलला, ऑगस्टमध्ये माल आला, तर कुठल्या नकाशाने तपासतो?"

"मार्चच्या. ऑर्डर दिली त्या दिवशीच्या."

"मग यांनी कुठल्या?"

बारा हजार गुणिले एकतीस, तीन लाख बहात्तर हजार. एक लाख भागिले एकतीस, तीन हजार दोनशे पंचवीस. आजच्या भावाने मोजलं होतं. आकडा तंतोतंत जुळला, आणि जुळला म्हणून दोनांचा चेहरा आणखी काळवंडला. "जुळतंय, म्हणजे चूक मुद्दाम केलीय. चुकून झाली असती तर आकडाही चुकला असता."

हे तर्कशास्त्र मला तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. पण मी माझ्या खोलीत गेलो. ऑप्शनच्या योजनेचा मूळ दस्तऐवज रेनरांच्या काळापासून माझ्याच कपाटात होता, कारण त्यांना वाटायचं कंपनीतला प्रत्येक कागद नकाशाच असतो. दोनांनी भिंग घेतलं आणि बोट ठेवत ठेवत अकराव्या कलमापर्यंत आल्या. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की मर्यादेसाठी शेअरची किंमत ऑप्शन दिला त्या दिवशीची धरावी.

दिला त्या दिवशी भाव होता नऊ. बारा हजार गुणिले नऊ, एक लाख आठ हजार. मर्यादेच्या वर आठ हजार. म्हणजे साधे फक्त आठशे एकोणनव्वद. बाकीचे अकरा हजार एकशे अकरा सवलतीचेच.

दोनांनी ते गणित तीन वेळा केलं, एकदा माझ्याकडून करवून घेतलं, आणि एकदा पलीकडच्या टेबलावरच्या ट्रिनकडून, तिला कशाचं ते न सांगता.

फॉर्म वर गेला. चौथ्या दिवशी प्रेस्टन खाली आला. इस्त्री तीच होती, माणूस जरा चुरगळलेला.

"दोना," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "तुमचं बरोबर आहे. देतानाचा भाव धरायला हवा होता. आमच्या माणसाने आजचा घातला. मी तपासलं नाही."

"तुमचा माणूस कुठे बसतो?"

"तो... आता त्याने काय फरक पडतो?"

"आणखी किती जणांचं असं मोजलं?"

प्रेस्टनच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते त्याच्या डोक्यात आलेलं नसावं. बहुतेकांचे थोडेच होते, लाखाच्या आतले. पण तीन जण रेघेच्या पलीकडे गेले होते, आणि त्यातला एक आमचा मॅनेजर होता, डोनटवाला. त्याने सही करून पत्र केव्हाच परत दिलं होतं. त्याचंही नवीन पत्र निघालं. तो दोनांकडे आभार मानायला आला. या खेपेला डोनटचा खोका पूर्ण बारांचा होता. दोनांनी तो उघडून मोजला.

माझी समजूत होती की आता सगळं गोड होईल. पण नवीन पत्र आलं तेव्हा दोनांनी त्यालाही पहिल्या दिवशी हिरवी चिठ्ठी दिली नाही.

"आता काय?" मी विचारलं.

"एवढ्या लवकर का मान्य केलं?"

"चूक होती म्हणून, दोना."

"लोक चूक एवढ्या लवकर मान्य करत नाहीत. नक्की यात आणखी काहीतरी मोठं आहे, त्यापेक्षा ही चूक मान्य करणं त्यांना परवडलं." दोन दिवस त्या पत्राभोवती फिरल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "हे आठशे एकोणनव्वद मात्र बरोबर साधे आहेत. ते माझेच जादा आहेत. त्यावर कर भरीन."

"प्रेस्टन म्हणत होता, एवढ्याशा आकड्याकडे कोण बघतंय..."

"एवढासा म्हणजे? पाच हजारांत एक नळी भेगेची असली तर ती कुणाच्या तरी हृदयात जातेच ना?"

लुईशने नवा हिशेब केला. या वेळी पेन्सिल कानामागे गेली नाही. "पासष्ट आणि वर एक महिना," तो म्हणाला, "विम्याचा हप्ता फार वाढला नाही तर."

"वाढणारच," दोना म्हणाल्या, पण आवाज तेवढा कडक नव्हता. बेकरीतून निघताना त्यांनी एक गोड पाव घेतला. खालून बघितला नाही. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण मी तिथे होतो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

तीस तारखेला त्यांनी सही केली. सहीखाली, कुणी मागितलं नव्हतं तरी, चौदा नंबरचा शिक्का मारला, हिरव्या शाईत. प्रेस्टनने ते पत्र दोन्ही हातांनी घेतलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "दोना, तिहुआनाला आम्हाला तपासणीसाठी माणसं शिकवायची आहेत. महिना-दोन महिने आलात तर..."

"मला काढताय आणि मीच त्यांना शिकवू?"

"हो. म्हणजे... हो."

"पैसे पगारातून की साध्या ऑप्शनमधून?"

प्रेस्टन हसला, म्हणजे हसावं की नाही याची खात्री नसलेला माणूस हसतो तसा. दोना हसल्या नाहीत. तिहुआनाला गेल्याही नाहीत.

पुढचा सोमवार. कारखाना बंद झाला होता. कारखान्यातल्या त्यांच्या सामानाचा शेवटचा खोका पोचवायला मी त्यांच्या घरी थांबलो होतो. स्वयंपाकघरात पावट्यांचं सूप उकळत होतं आणि टेबलावर हेवर्डच्या कंपनीचं पत्र होतं. दोनांनी चष्मा काढून डोळे चोळले, फोन लावला आणि सांगितलं की नाही, मी येत नाही, माझे डोळे संपले आता, आभारी आहे.

पलीकडचा माणूस भला असावा. काहीतरी बोलला. बहुधा विचार बदलला तर कळवा, आमच्याकडे जागा आहे, असं. दोनांच्या भुवया वर गेल्या. नोकरीची त्यांना आता गरज नव्हती, तरी फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलंच.

"एकसष्ट वर्षांच्या, डोळे गेलेल्या बाईसाठी तुम्ही एवढे थांबताय," त्या म्हणाल्या, "तिथे आधीची बाई का गेली, ते सांगा बघू आधी."